नैरोबी ते जोहान्सबर्ग: अंतर नेमकं किती आणि विमानाला वेळ किती?

मोगरा
१४ सप्टेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आफ्रिकेत राहणारे किंवा तिकडे जाऊन आलेले कुणी असतील तर थोडी मदत हवी आहे.

मुलगा दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त नैरोबीत आहे. डिसेंबरात मी आणि आमचे हे महिनाभर त्याच्याकडे जातोय. माझी धाकटी बहीण जोहान्सबर्गजवळ मिडरँडला असते. आई गेली तेव्हा ती आली होती, त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर भेट नाही. एवढ्या लांब जातोच आहोत तर आठवडाभर तिच्याकडेही जाऊन यावं असं मनात आहे.

अंतर शोधायला बसले आणि चक्रावले. एका ठिकाणी २,९०० लिहिलंय, दुसरीकडे १,८००, तिसरीकडे १,५६६. मोबाइलवरच्या नकाशात गाडीचा रस्ता टाकला तर आकडा ४,००० च्या घरात गेला. यातलं खरं कुठलं?

दुसरी अडचण वेळेची. मुलाने जे तिकीट पाठवलंय त्यात नैरोबीहून सकाळी ७:०५ ला निघून १०:१५ ला पोहोचायचं आहे. म्हणजे ३ तास १० मिनिटं. परत येताना तिथून दुपारी १२:१५ ला निघून ५:२० ला नैरोबी, म्हणजे ५ तास ५ मिनिटं. गावं तीच, कंपनी तीच, मग दोन तासांचा फरक कशाने पडतो? यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सलग बसवत नाही, म्हणून नक्की किती वेळ ते कळायला हवं. रेल्वे किंवा बसने टप्प्याटप्प्याने जाता येतं का, तेही सांगा. बहीण म्हणते डोक्यातून काढून टाक, पण का, ते तिलाही सांगता आलं नाही.

भटका_किरण
१४ सप्टेंबर, रात्री ९:५०

ताई, हे वाऱ्यामुळे असणार. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना तासाभराने लवकर येतो, तसंच काहीतरी.

खिडकीची_जागा
१५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

किरण, मुंबई-लंडनचं तुमचं अगदी बरोबर आहे. पण इथे कारण वेगळं आहे. मी २६ वर्षं विमानांच्या डिस्पॅच खात्यात काम केलं. विमान कुठल्या वाटेने जाणार, इंधन किती भरायचं, वेळ किती लागणार, हे काढून वैमानिकाच्या हातात देणं हेच रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तिकिटावर छापलेली वेळ नेहमी त्या त्या गावच्या घड्याळाची असते. केनियाचं घड्याळ ग्रिनिचच्या ३ तास पुढे आहे, दक्षिण आफ्रिकेचं २ तास. म्हणजे जोहान्सबर्गला १०:१५ वाजतात तेव्हा नैरोबीत ११:१५ झालेले असतात. तुमचा जातानाचा प्रवास ७:०५ ते ११:१५, म्हणजे ४ तास १० मिनिटांचा झाला. येताना उलटं. तिथे १२:१५ वाजले की नैरोबीत १:१५. तिथून ५:२० पर्यंत ४ तास ५ मिनिटं. दोन्ही वेळा सारख्याच, फरक फक्त पाच मिनिटांचा. एक तास जाताना हातात पडतो आणि येताना परत द्यावा लागतो, इतकंच. दोन्ही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हा एक तास बारा महिने तसाच राहतो.

आता वारा. लंडनच्या वाटेवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा जाताना समोरून येतो आणि येताना पाठीवर असतो. नैरोबी-जोहान्सबर्ग ही वाट बरीचशी उत्तर-दक्षिण आहे. वारा लागला तरी कुशीवर लागतो, वेळेत फार घट किंवा वाढ होत नाही.

तुम्हाला दिसलेले आकडे तिन्ही खरे आहेत, मापं वेगळी आहेत. २,९०० हे किलोमीटर, १,८०० हे साधे मैल आणि १,५६६ हे सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. जहाजांकडून तो विमानांकडे आला आणि आमच्या कामात अजून तोच चालतो. हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर आहे. काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरतात, त्यामुळे दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. त्याकडे लक्ष देऊ नका.

आम्ही नव्या मुलांना तोंडी हिशेब शिकवायचो तो तुम्हालाही देतो. किलोमीटरला ८०० ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. २,९०० भागिले ८०० म्हणजे साडेतीन तासांहून जरा जास्त, वर अर्धा तास. आलेच चार तास दहा मिनिटं. हा अर्धा तास धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा, वर चढण्याचा, उतरताना रांगेत थांबण्याचा आणि पुन्हा दारापर्यंत येण्याचा. मुंबई-नैरोबी साधारण ४,५३० किलोमीटर आहे, त्यावर करून पाहा. सहा तासांच्या आसपास येईल आणि तिकिटावरही तेवढंच दिसेल, फक्त तिथे अडीच तासांचा घड्याळाचा फरक लक्षात घ्या. छोट्या पल्ल्यालाही हा हिशेब चालतो. नैरोबी ते दार एस सलाम सरळ रेषेत ६६० किलोमीटर आहे, विमानाला सव्वा ते दीड तास लागतो.

मोगरा
१५ सप्टेंबर, दुपारी २:०५

किती नीट समजावून सांगितलंत! मी यांना वही-पेन घेऊन हिशेब करून दाखवला. चार तास म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. पाच तासांचं ऐकून ते नकोच म्हणत होते.

भटका_किरण
१५ सप्टेंबर, रात्री ८:२०

खिडकीची_जागा, चूक दुरुस्त केल्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा प्रतिसाद वाचून मी नकाशावर मोजत बसलो आणि एक गोष्ट सापडली. श्रीनगर ते कन्याकुमारी हे सरळ अंतरही २,९०० किलोमीटरच्या आसपासच येतं! आपण 'काश्मीर ते कन्याकुमारी' म्हणतो तेव्हा अख्खा देश डोळ्यांपुढे येतो. तेवढंच अंतर आफ्रिकेत नैरोबीपासून जोहान्सबर्गपर्यंत आहे, आणि खंडाची उत्तर-दक्षिण लांबी ८,००० किलोमीटर. क्षेत्रफळात आफ्रिका भारताच्या नऊपट. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात हे कधी जाणवलंच नाही, कारण त्या नकाशात विषुववृत्ताजवळचे देश आक्रसलेले दिसतात आणि ध्रुवांकडचे फुगलेले. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मी पाचवी-सहावीच्या मुलांना भूगोल शिकवतो. उद्या वर्गात दोरा आणि पृथ्वीचा गोल घेऊन हेच करणार आहे.

पार्कलँड्सकर
१६ सप्टेंबर, सकाळी ११:१५

ताई, नैरोबीत स्वागत आहे. मी इथे अकरा वर्षं आहे. विमानातले चार तास सोपे आहेत, त्याच्या आधीचे तास सांभाळा.

७:०५ चं विमान म्हणजे विमानतळावर ४ वाजता असायला हवं. मुलगा वेस्टलँड्स-पार्कलँड्स भागात राहत असेल तर २०२२ पासून उंचावरून जाणारा एक्स्प्रेसवे झालाय, २७ किलोमीटरचा. टोल भरावा लागतो, पण पहाटे वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता. खालच्या मोंबासा रोडवर संध्याकाळी अडकलात तर तेवढ्यालाच दीड-दोन तास जातात. जोमो केन्याटा विमानतळाच्या आवारात शिरतानाच गाडीतून सगळ्यांना उतरवतात. आपण एका बाजूने तपासणीतून चालत जायचं, गाडी दुसऱ्या बाजूने तपासून पुढे येते, मग पुन्हा बसायचं. काकांच्या गुडघ्याचं पाहता हे आधीच माहीत असू द्या. व्हीलचेअर तिकिटातच मागून ठेवा, आयत्या वेळी शोधाशोध होते.

आता एक घड्याळाचीच गोष्ट, कारण धागा त्यावर चाललाय. स्वाहिली लोक वेळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. इथे सूर्य बारा महिने साडेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहालाच मावळतो, त्यामुळे हा हिशेब त्यांना वर्षभर बिनचूक जमतो. आपल्याकडे जुनी माणसं 'दिवस दोन घटका वर आला' म्हणायची, त्याच जातीचं हे मोजणं. मी नवा होतो तेव्हा आकडे तेवढे शिकलो होतो. टॅक्सीवाल्याला मोठ्या उमेदीने सांगितलं, उद्या 'सा साबा'. साबा म्हणजे सात. तो मान हलवून गेला. सकाळी सातला मी बॅगा घेऊन फाटकापाशी उभा, आणि तो आला दुपारी एकला, अगदी वेळेवर. त्याच्या हिशेबाने सातवा तास दुपारी एकलाच असतो. माझं विमान गेलं होतं. चूक सर्वस्वी माझी होती, पण तोच बिचारा अर्धा तास माफी मागत होता. तिकिटं, विमानतळाच्या पाट्या सगळं आपल्यासारख्याच घड्याळाने चालतं, काळजी नको. फक्त माणसाशी तोंडी वेळ ठरवताना इंग्रजीत ठरवा आणि मोबाइलवर आकडा दाखवा.

भाषेची मात्र भीती बाळगू नका. गाडीला इथे 'गारी' म्हणतात, लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा', आणि चहा-चपाती तर चहा-चपातीच.

तिकिटाबद्दल: थेट विमान महाग दिसलं तरी तेच घ्या. स्वस्तातली तिकिटं बरेचदा अदिस अबाबावरून असतात. अदिस नैरोबीच्या उत्तरेला १,१०० किलोमीटरहून जास्त लांब. दक्षिणेला जायचंय आणि आधी उत्तरेला जायचं, मग तिथून ४,००० किलोमीटर खाली. २,९०० च्या जागी ५,२०० होतात आणि दिवस मोडतो.

सह्याद्रीची_लेक
१६ सप्टेंबर, दुपारी १२:४०

आफ्रिकेत शेजारच्या देशात जायला तिकिटं एवढी महाग का असतात? दुबईहून नैरोबी कधीकधी याहून स्वस्त पडतं.

खिडकीची_जागा
१६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

याला बरीच कारणं आहेत, मुख्य दोन सांगतो. एक, प्रवासी कमी आणि विमानतळाचे कर जास्त. दुसरं, कुठल्या कंपनीने कुठे आणि आठवड्यातून किती फेऱ्या करायच्या हे दोन देशांच्या करारावर ठरतं. ते आकाश आपसांत मोकळं करायचं असं आफ्रिकी देशांनी १९९९ मध्ये यामुसुक्रोला ठरवलं. २०१८ मध्ये त्यासाठी एकच बाजारपेठ असल्याची घोषणाही झाली. कागद झाला, अंमल हळूहळू चाललाय. तोवर थोड्या कंपन्या, थोड्या फेऱ्या आणि चढे दर.

डॉ_रेवती
१६ सप्टेंबर, रात्री १०:३०

ताई, अंतर-वेळेच्या आधी एक गोष्ट नक्की करा: पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीव्हरची.

केनियाहून दक्षिण आफ्रिकेत शिरताना या लसीचं पिवळं कार्ड मागतात. केनियाहून भारतात परत येतानाही मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी कार्ड लागू होत नाही. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. ही लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि केंद्रं ठरावीक दिवशीच देतात, म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबू नका.

आता महत्त्वाचं. ही जिवंत विषाणूची लस आहे. वयाची साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच घेत असाल तर गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. घेऊच नये असं नाही, पण आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रांगेत उभं राहू नका. अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, पूर्वीचा कॅन्सरचा उपचार, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय पत्र मिळतं, ते पिवळ्या कार्डासोबतच ठेवायचं. काकांच्या गुडघ्यासाठी: तासाला एकदा उठून चालायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं.

जोबर्गवासी
१७ सप्टेंबर, दुपारी ४:००

व्हिसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच काढावा लागतो, तो भारतातून निघण्यापूर्वीच घ्या. पासपोर्टमध्ये दोन पानं कोरी असू द्या. केनियाचा २०२४ पासून ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायचा प्रवेशपरवाना, झालाय, ऑनलाइन मिळतो. पण साधा ईटीए एकदाच आत येण्यापुरता असतो. तुम्ही नैरोबीहून इकडे याल आणि पुन्हा नैरोबीत जाल, म्हणजे केनियात दोनदा शिरणार. त्याची तजवीज आधी करा.

मिडरँड विमानतळापासून सोपं आहे. गाउट्रेन नावाच्या रेल्वेने मार्लबोरो स्टेशनपर्यंत यायचं, तिथे गाडी बदलून मिडरँड. बहीण न्यायला येणारच असेल म्हणा.

लुसाका_मार्गे
१८ सप्टेंबर, रात्री ११:२०

ताईंनी रस्त्याचं विचारलं होतं. मी झांबियात मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, आमचे ट्रक हीच वाट चालतात. त्यामुळे बहिणीला ज्याचं कारण सांगता आलं नाही, ते मी सांगतो.

नैरोबीहून नमांगाची हद्द ओलांडून टांझानियात अरुशा, मग डोडोमा, इरिंगा, म्बेया. तिथून टुंडुमाला झांबियाची हद्द. टुंडुमा ते लुसाका हजारेक किलोमीटर. पुढे चिरुंडूला झांबेझी ओलांडली की झिम्बाब्वे, हरारे, मग बाइटब्रिजला लिंपोपोवरचा पूल आणि दक्षिण आफ्रिका. सगळं मिळून साधारण ४,००० किलोमीटर, पाच देश, चार सीमा. विमान सरळ जातं त्यापेक्षा हजार-अकराशे किलोमीटर जास्त. स्वतःची गाडी आणि दोन चालक असले तरी सहा-सात दिवस धरा.

वेळ रस्त्यात कमी आणि सीमेवर जास्त जातो. टुंडुमाला ट्रकांची रांग गावाबाहेर कित्येक किलोमीटर लांब जाते. पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्री त्या रांगेच्या कडेने चालत होतो. दर दोन-चार ट्रकांआड चाकाच्या आडोशाला कोळशाची छोटी शेगडी पेटलेली, तिला 'जिको' म्हणतात. वर पातेलं, एक जण लाकडी डावाने मक्याचं पीठ घोटतोय, दुसरा टोमॅटो-कांदा चिरतोय. मला अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवलं. आपल्या उकडीसारखाच घट्ट गोळा, हाताने मोडून भाजीबरोबर खायचा. केनिया-टांझानियात त्याला 'उगाली' म्हणतात, आमच्या झांबियात 'न्शिमा', झिम्बाब्वेत 'साद्झा', दक्षिण आफ्रिकेत 'पप'. आमचे चालक म्हणतात, किती पुढे आलो ते पाटी न बघता ताटाचं नाव विचारूनही कळतं.

चिरुंडूला मात्र २००९ मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी करण्याची सोय झाली, तेव्हापासून तिथला त्रास बराच कमी झाला.

रेल्वेचं दुखणं वेगळं आहे. नैरोबीहून मोंबासाला २०१७ पासून नवी गाडी आहे, १,४३५ मिलिमीटरच्या रुंद रुळांवर. केनियाची जुनी रेल्वे मीटरगेज. दार एस सलामहून झांबियात न्यू कापिरी म्पोशीपर्यंत ताझारा रेल्वे आहे, १,८६० किलोमीटरची. चीनने बांधून दिली, १९७६ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिचे रूळ दक्षिणेकडच्या देशांच्या मापाचे, १,०६७ मिलिमीटरचे. तीन मापं आणि मध्ये मोठी खिंडारं. नैरोबीत बसून जोहान्सबर्गला उतरावं अशी गाडी नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने विमानानेच जावं, हे कळकळीने सांगतो.

दाभोळकिनारा
२० सप्टेंबर, रात्री ९:४५

हा धागा तीन दिवस वाचतोय. चार तास दहा मिनिटं हा आकडा पाहून राहवलं नाही.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. आमच्या लोकांची केपटाऊनला जुनी वस्ती आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईहून बोटीने तिकडे गेले. मागून आजोबा जाणार होते, पण १९१३ मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून हिंदुस्थानातून नव्याने येणाऱ्यांना जवळजवळ दार लावलं. आजोबा मग पूर्व आफ्रिकेत उतरले, आधी मोंबासा, नंतर नैरोबी. दोन सख्खे भाऊ एकाच खंडात, आणि पुन्हा एकमेकांना दिसले नाहीत.

अब्बा नैरोबीत वाढले, तिथेच नोकरी केली, पण पासपोर्ट भारताचाच ठेवला. भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. पुढे आपल्या पासपोर्टवर छापलेलं असायचं की दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांसाठी वैध. अब्बांचा तो जुना पासपोर्ट माझ्याकडे आहे. त्या ओळीवर बोट फिरवून फिरवून शाई पुसट झाली आहे. १९६३ मध्ये बऱ्याच आफ्रिकी देशांनी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपल्या आकाशातून जायला मनाई केली. त्याआधी त्यांची युरोपला जाणारी विमानं नैरोबीला थांबत. त्यानंतर ती खंडाच्या पश्चिमेच्या फुगवट्याला वळसा घालून समुद्रावरून जाऊ लागली. वर्णभेदाविरुद्ध ते करायलाच हवं होतं, अब्बांचंही ठाम मत तेच. पण त्यांचा चुलतभाऊ केपटाऊनला आणि ते नैरोबीला, पत्रं तेवढी चालू. मोडीमिश्रित मराठीत लिहिलेली, नंतर नंतर इंग्रजीत.

नोव्हेंबर १९९३ मध्ये भारताने संबंध पुन्हा जोडले. १९९५ मध्ये अब्बा पहिल्यांदा गेले, मी सोबत होतो. नैरोबीहून जोहान्सबर्ग, तिथून दुसऱ्या विमानाने केपटाऊन. जोहान्सबर्गला चाकं टेकली तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग माझं पाहिलं. म्हणाले, "जेवण आलं, भांडी उचलून नेली, आणि पोचलो?" नंतर केपटाऊनपर्यंत ते काही बोलले नाहीत. चुलतभाऊ विमानतळावर काठी टेकत आले होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्या गर्दीत कुणाला विचारावं लागलं नाही. नाक एकच.

ताई, बहिणीकडे नक्की जा.

मोगरा
२० सप्टेंबर, रात्री १०:३०

दाभोळकिनारा, तुमचं लिहिलेलं यांना मोठ्याने वाचून दाखवत होते, मध्येच थांबावं लागलं. तिकीट उद्याच काढतोय.

खिडकीची_जागा
२१ सप्टेंबर, सकाळी ८:००

मग आता दोन गोष्टी विमानात लक्ष ठेवण्यासारख्या.

पहिली उंचीची. नैरोबीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,६२४ मीटर उंच, जोहान्सबर्गचा ऑलिव्हर टांबो विमानतळ १,६९४ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या जरा खालून उडणार आणि कळसूबाईच्या जरा वर उतरणार! एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्के विरळ असते. विरळ हवेत पंखांना तेवढीच उचल मिळवायची तर विमानाला जास्त वेगाने धावावं लागतं, आणि इंजिनाचा जोरही थोडा कमी पडतो. म्हणून दोन्हीकडच्या मोठ्या धावपट्ट्या चार किलोमीटरहून लांब आहेत. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीनच्या आसपास. विमान बराच वेळ जमिनीवरच धावतंय असं वाटलं तर घाबरू नका. हवा जितकी गार तितकी ती दाट, म्हणून पहाटेचं विमान अशा ठिकाणी उत्तम.

पहाटेचं आणखी एका कारणाने बरं. डिसेंबरात झांबिया-मलावीवर पावसाळी ढग असतात आणि जोहान्सबर्गच्या पठारावर दुपारनंतर विजांची वादळं उठतात. तेव्हा विमानांना वळसे पडतात, वर घिरट्या घालाव्या लागतात. दहाच्या सुमारास उतरलात तर बहुतेक वेळा सुटका.

दुसरी जागेची. जाताना डावीकडची खिडकी घ्या. उडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आधी मेरू डोंगर आणि त्याच्या मागे जरा लांब किलिमांजारो, ५,८९५ मीटरचा. सकाळी सूर्यही त्याच बाजूला असतो, डोळ्यांवर हाताची सावली धरावी लागेल. ढग नसले तर पुढे मलावी सरोवराचं पाणीही डावीकडेच चमकतं. मग मोझांबिकच्या टोकावरून, झांबेझीवरच्या काहोरा बासा धरणाच्या आसपासून वाट हरारेकडे जाते. काकांना मात्र आइलचीच जागा द्या.

मोगरा
११ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

परत आलो मंडळी. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना हिशेब द्यायलाच हवा.

लस दोघांनीही घेतली, यांच्या डॉक्टरांशी दोनदा बोलून. जोहान्सबर्गला उतरल्यावर पहिल्याच टेबलावर पिवळं कार्ड पाहिलं. माझ्यापुढच्या एका जोडप्याकडे नव्हतं, त्यांना बाजूला बसवून ठेवलं होतं. डॉ_रेवती, तुमचे उपकार.

यांनी घड्याळ नैरोबीचंच ठेवलं आणि वहीत वेळा लिहिल्या. दारापासून ७:२० ला हललो, ७:३८ ला जमीन सुटली. धावपट्टी खरोखर संपता संपत नव्हती. यांनी माझा हात धरला तेव्हा मी कानात सांगितलं, कळसूबाई आहे. मेरू स्पष्ट दिसला. किलिमांजारोचा फक्त माथा, ढगांच्या वर, खालचा डोंगर जणू नाहीच. सरोवर ढगाखाली गेलं. हरारेच्या जवळून चाललोय असं वैमानिकाने सांगितलं. चाकं टेकली ११:१९ ला, दार ११:२८ ला. म्हणजे हवेत ३ तास ४१ मिनिटं आणि दारापासून दारापर्यंत ४ तास ८ मिनिटं. तुमच्या ८०० च्या भागाकारात दोनच मिनिटांचा फरक. हे तीनदा उठून चालले, गुडघ्याने काही त्रास दिला नाही. येताना दुपारचं विमान होतं, उडण्याआधी वादळामुळे पाऊण तास बसवून ठेवलं. हवेतला वेळ मात्र तेवढाच.

बहीण बाहेर थर्मास घेऊन उभी होती. तिने अंगणात गवती चहा लावलाय, त्याचाच चहा. आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कप ठेवून तो प्यायलो, घरी जाईपर्यंत थांबवलं नाही कुणालाच.

आणि लुसाका_मार्गे, निघायच्या आदल्या रात्री मुलाकडे कामाला येणाऱ्या मावशींनी आम्हाला उगाली आणि सुकुमाची पालेभाजी करून घातली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीच्या शेजारणीने पप आणि टोमॅटोचं कालवण आणून दिलं. मी एक घास घेतला आणि यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "कालचंच आहे."